काच खाली न येणारी गाडी

“आणि यातून उतरायचं कसं?” अण्णांनी विचारलं.

“आत्ताच तर बसलात, साहेब.”

“बसलो. म्हणूनच विचारतोय.”

शलाका हसली. तिला हवा होता तोच प्रश्न त्यांनी विचारला होता. (आपल्याला हवा तोच प्रश्न कुणी विचारला की मी हल्ली जरा सावध होते. ती झाली नाही.)

“ही एक कळ आणि ही दुसरी. दोन्ही एकदम दाबायच्या, मग दार सुटतं. घाईत, चुकून, रागाच्या भरात कुणी खाली उतरू नये म्हणून.”

अण्णांनी एक कळ दाबली. मग दुसरी दाबली.

दार सुटलं नाही.

“एकदम, साहेब.”

“असू दे... बसतो.”

गाडी मठाच्या अंगणात, चिंचेच्या सावलीत उभी होती. पांढरी, कोरी, दोन्ही अंगांवर ‘पोलीस’ असं ताज्या निळ्या रंगात लिहिलेली. गस्तीची नवी गाडी. जिल्ह्याच्या पोलीस वर्कशॉपमध्ये तयार झालेला हा एकच नमुना होता. उद्या सकाळी तो मुख्यालयात वरिष्ठांसमोर उभा राहणार होता. त्यांना पसंत पडला, तर पुढे प्रत्येक ठाण्याची गस्तीची गाडी अशीच होणार होती.

ही गाडी शलाकाच्या डोक्यातून निघाली होती. उपनिरीक्षक शलाका जाधवर. आधी इंजिनिअर, मग पोलीस. बाळंतपणाच्या रजेवरून परतली तेव्हा तिला ठाण्याऐवजी वर्कशॉप मिळालं. “बाळ लहान आहे, बरंच झालं,” असं सगळे म्हणाले. ज्या सुरात म्हणाले, तो सूर आम्हा बायकांना लगेच कळतो. तिलाही कळला. त्या सुराला तिनं दिलेलं उत्तर म्हणजे ही गाडी.

आणि अण्णा म्हणजे दौलतराव भोईटे, निवृत्त निरीक्षक. तिच्या पहिल्या ठाण्याचे साहेब. निवृत्तीनंतर बालाघाटातल्या या टेकडीवर, मठाच्या मागच्या खोलीत राहायला आले. दीक्षा घेतली नाही, दाढी वाढवली नाही. अंगण झाडायचे, पाण्याचे रांजण भरायचे. गावासाठी ते अण्णा होते. खात्यातले मात्र अजून साहेबच म्हणत. उद्या मुख्यालयात बसणाऱ्यांपैकी बरेच जण त्यांच्याच हाताखालून गेलेले. “भोईटे साहेबांनी पाहिली आणि चांगली म्हणाले,” एवढं एक वाक्य तिला उद्यासाठी हवं होतं.

“सीट बघा,” ती म्हणाली.

“बघतोय.”

“कमरेशी दोन्हीकडे खोलगट ठेवलीये. पट्ट्याचं पिस्तूल, बेड्या, काही टोचत नाही. पाठीला आधार आहे. बारा तास बसलं तरी कंबर धरत नाही.”

अण्णा मागे रेलले. डोळे मिटले. चेहऱ्यावर खरंखुरं सुख आलं.

“माझी कंबर याच नोकरीत गेली,” ते म्हणाले. “तेव्हा कुठे होतीस तू?”

“शाळेत, साहेब.”

“तरी म्हटलं उशीर का झाला.”

तिनं सगळं दाखवलं. लाठी कुठे राहते, ढाल कुठे. डबा गरम राहील असा कप्पा. पाण्याची जागा. मागे जाळीआड आरोपीची बैठक. दगड बसला तरी तडकणार नाही अशी जाड काच.

अण्णांनी काचेवर बोट टेकवलं.

“खाली कशी घ्यायची?”

“घ्यायची नाही. ती पक्की आहे. खाली आली की तिथून हात आत येतो, दगड येतो, ॲसिड येतं. मी जुन्या केसेस काढून बघितल्या, साहेब. दुखापत झालेले बहुतेक जण एक तर काच खाली करून बोलत होते, नाही तर उतरलेले होते.”

“मग बोलायचं कसं?”

“त्याचीच गंमत आहे.”

तिनं गाडी चालू केली. एसी सुरू झाला. समोरचा पडदा उजळला आणि त्यात अंगण चारही बाजूंनी दिसू लागलं. चिंच, रांजण, पायरी, फाटक. अंगणातली एक कोंबडीसुद्धा.

“चार कॅमेरे. मान वळवायचीसुद्धा गरज नाही. बाहेर भोंगा आहे, बाहेरचं ऐकायला माईक आहे. आत बसून सगळं होतं.”

“सगळं?”

“सगळं.”

तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आली.

साधारण तिशी-पस्तिशीची. हातात तेलाची छोटी बाटली. गाडी दिसताच थबकली. मागे पाहिलं. पुन्हा गाडीकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून हळूहळू जवळ आली.

पडद्यावर तिच्याभोवती हिरवी चौकट उमटली.

“बघा,” शलाका म्हणाली. “माणूस ओळखते गाडी.”

अण्णा एकदम सावरून बसले. “थांब जरा...”

पण तिनं तोवर बटण दाबलं होतं.

“बोला आक्का, काय काम आहे?”

भोंगा नवा होता. मठाच्या शिखरावरचे सगळे पारवे एकदम उडाले. समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला... काय काम आहे... काम आहे...

बाई जागच्या जागी आक्रसली. तिचे ओठ हलले. आत काही ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं बोला आक्का! आत येत नाही ऐकू!”

...येत नाही ऐकू, डोंगर म्हणाला.

बाईनं खाली वस्तीकडे पाहिलं. टेकडीच्या पायथ्याशी वस्तीची घरं होती. एका घरासमोर मांडवासाठी वासे उभे केलेले दिसत होते. कुणीतरी अंगणात येऊन वर बघत होतं.

ती माईकच्या दिशेनं वाकली.

“काय न्हाई,” आता स्पष्ट ऐकू आलं. “दिव्याला तेल आणलं हुतं.”

तिनं बाटली पायरीवर ठेवली. गेली.

शलाकानं बटण सोडलं. “झालं. दार न उघडता काम निकाली.”

अण्णा पायरीवरच्या बाटलीकडे बघत होते.

एसीचा बारीक आवाज येत होता.

“साहेब?”

“काय पाहिजे होतं तिला?”

“म्हणाली ना. काही नाही. दिव्याला तेल.”

“दुपारी?”

शलाकानं बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

“तिचं नाव द्वारका,” अण्णा म्हणाले. “खालच्या वस्तीवर राहते. गेले काही दिवस रोज फाटकापर्यंत येते. उभी राहते. परत जाते. मी विचारलं नाही. रोज आपला तिथेच झाडत बसतो, फाटकाजवळ. आधीच झाडलेलं परत झाडतो... आज ती पहिल्यांदा आत आली.”

शलाकाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

मी असते तर तिथेच रडू फुटलं असतं आणि वर मीच अण्णांवर चिडले असते, की आधी का नाही सांगितलंत. शलाका माझ्यापेक्षा बरी. ती फक्त चिडली.

“तुम्ही आधी सांगायला हवं होतं.”

“हो. थांब म्हणालो. उशिरा म्हणालो.”

“मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार ते. ‘आधी उतरायचं, मग बोलायचं.’ पहिल्या दिवसापासून ऐकलंय. उभ्या माणसाशी बसून बोलायचं नाही. गाडीतून हात करून माणूस बोलवायचा नाही. पाठ आहे मला, साहेब.”

“मी कुठे काय म्हणालो?”

“तोरवणेंनाही पाठ होतं.”

अण्णांनी मान वळवली. तिच्याकडे नाही, खिडकीकडे.

हवालदार गजानन तोरवणे. अण्णांच्याच ठाण्यात घडलेला. गेल्या वर्षी नदीकाठच्या रस्त्यावर वाळूचा चोरटा टिपर अडवायला गाडीतून उतरला. टिपर थांबला नाही.

“मी त्याच गाडीत होते,” शलाका म्हणाली. “माझा सहावा महिना होता. मी दार उघडत होते. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही बसा. मी बघतो... आणि उतरले. आधी उतरायचं, मग बोलायचं. त्यांना बोलायला मिळालंच नाही, साहेब.”

चिंचेचं एक वाळकं पान काचेवर पडलं. आवाज आला नाही. काच जाड होती.

“तुम्ही शिकवलं होतं ते,” ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला वाटलं, हे आपण काय बोललो. पण शब्द परत घेतले नाहीत.

“हो,” अण्णा म्हणाले. “मीच शिकवलं.”

त्यांनी आतून त्या पानावर बोट टेकवलं.

“त्याच्या घरी गेलो होतो मी,” अण्णा म्हणाले. “त्याच्या धाकट्या मुलीनं दार उघडलं. म्हणाली, पप्पा घरी नाहीत...”



शलाकाचा फोन थरथरला. आईचा मेसेज होता. ‘खिमट खाल्लं नाही. झोपलाय.’ तिनं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, जणू त्यात आणखी काही लिहिलेलं असावं. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“रजेवरून आल्यावर मी दोनदा गस्तीला गेले,” ती हळू आवाजात म्हणाली. “हे कुणाला माहीत नाही. हात दाराकडे जातच नाही, साहेब. शिपाई उतरतात. मी वायरलेसवर बोलत असल्याचं सोंग करते. त्यांना वाटतं, मॅडम कंट्रोल रूमशी बोलतायत. मी नुसतीच कानाला धरून बसलेली. मला समोरचा रस्ता दिसत नाही. मला दिसतं की माझा मुलगा चालायला लागलाय आणि तो दार उघडायला जातोय आणि दारात कुणीतरी टोपी काढून उभं आहे.”

“हं.”

“म्हणून मी स्वतःहून वर्कशॉप मागून घेतलं. लोकांना वाटतं मला बाजूला टाकलं. मीच वाटू दिलं. आणि मग ठरवलं, अशी गाडी काढायची की कुणालाच उतरावं लागू नये. मलाही नाही. तोरवणेंनाही नसतं लागलं.”

“चांगली काढलीस.”

“चेष्टा नका करू.”

“चेष्टा नाही. मी नोकरीत असतो तर मीच पहिली मागून घेतली असती. घरी बायको वाट बघत असायची.”

“मग मी उद्या काय करू? ही अशीच दाखवू?”

“मला माहीत नाही, पोरी.”

तिनं चमकून पाहिलं. अण्णांना माहीत नाही, हे तिनं इतक्या वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

“तुम्हाला माहीत नाही?”

“माहीत असतं तर इथे झाडत बसलो असतो का?... उतर म्हटलं तर तोरवणे आठवतो. उतरू नको म्हटलं तर...” ते थांबले. “ती कुठवर गेली असेल गं?”

शलाका पडद्याकडे वळली. मागचा कॅमेरा फाटकाबाहेरची पायवाट दाखवत होता. वाट जिथे खाली वळते तिथे एक मोठा दगड होता. त्या दगडावर बाई बसली होती. पाठमोरी. घरी गेली नव्हती आणि परतही येत नव्हती.

हिरव्या चौकटीत नीट बसली होती.

“वळणावर आहे, साहेब. बसलीये.”

अण्णांनी हात पुढे केला आणि पडदा बंद केला.

“आता?” ते म्हणाले.

पडद्यावर फक्त दोघांचे चेहरे राहिले, काळसर.

शलाकानं एका कळेवर बोट ठेवलं. दुसऱ्या कळेवर ठेवलं. अण्णा समोर चिंचेकडे बघत होते. तिच्या हाताकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि ते मुद्दाम पाहत नव्हते हे तिला कळत होतं.

त्या दोन कळा दाबायला तिला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मुलीला पहिल्यांदा पाळणाघरात सोडून तिथल्या फाटकापासून पाठ फिरवायला मला जेवढा लागला होता, तेवढा असावा. बाहेरून बघणाऱ्याला तो वेळ दिसत नाही.

दार सुटलं. बाहेरचं ऊन एकदम आत आलं.

ती उतरली.

पायवाटेनं खाली जाताना तिला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. वर्कशॉपच्या कामावर असल्यामुळे अंगात साधा कुडता होता. कमरेला पिस्तूल नव्हतं, हातात काठी नव्हती. वळणावर पोचल्यावर ती द्वारकासमोर उभी राहिली नाही. दगडाशेजारी, मातीतच बसली.

द्वारकानं पाहिलं. थोडी सरकली. 

“मघाशी मीच बोलले त्या गाडीतून,” शलाका म्हणाली. “माझं चुकलं.”

“लई मोठा आवाज हाय तुमच्या गाडीला.”

“हो.”

“आमच्या वस्तीवरची कुत्री अजून भुकत्यात.”

 खाली खरंच कुत्री भुंकत होती.

“तुमी पोलीस हाव?”

“हो.”

“कापडं तर आमच्यावानीच.” मग द्वारकाची नजर तिच्या कुडत्यावर स्थिरावली. छातीशी एक ओला डाग पसरत होता. सकाळपासून शलाका घराबाहेर होती. “अंगावर पितंय व्हय लेकरू?”

शलाकानं झटकन ओढणी पुढे घेतली. दिवसभर वर्कशॉपमध्ये, मीटिंगमध्ये, सगळीकडे ती हेच करायची. मग ओढणी तशीच सोडली.

“पितं. वर्षाचं होईल आता.”

“पोरगा?”

“पोरगा.”

“माझी थोरली पोरगी हाय.” द्वारका जमिनीकडे बघत म्हणाली. “तीन वरसं अंगावर प्याली. लई चिकट. अजून झोपताना पदर धरती...” ती थांबली. “नववीला हाय, ताई. उद्या हळद हाय तिची.”

“कुणी ठरवलं?”

“दीर अन् सासूनं. नवरा कारखान्यावर, ऊसतोडीला. फोन केला तर म्हनला, घरातली मोठी मानसं बघतील. मी न्हाई म्हनले तर कुनी ऐकंना. पोरगी रोज इचारती, आये, पेपर तरी दिऊ देतेल का?”

“चला. गाडीत बसा, ठाण्यात जाऊ.”

“न्हाई ओ ताई! त्या गाडीत बसून गेले तर गाव आधी माझीच वरात काढंल.”

शलाकाला हसू आलं. द्वारकालाही आलं, आणि आल्याबरोबर तिनं ते पदराच्या टोकानं पुसलं.

“मग कसं करायचं? तुम्ही सांगा.”

हा प्रश्न आपल्याला कुणी विचारेल, असं द्वारकाला वाटलं नसावं. तिनं थोडा विचार केला.

“तुमी पायी चला माझ्यासंगं. आत्ता पोरगी शाळंत हाय, तितंच जाऊ. ती घरला यायच्या आत. कुनी इचारलं तर म्हनंन, शाळंतल्या नव्या बाई हाईत.”

शलाकानं तिथेच बसून ठाण्यात फोन लावला. हळू आवाजात. तुमची गाडी फाट्यावर उभी करा. सायरन नको. वस्तीवर कुणी यायचं नाही, मी सांगेपर्यंत. महिला शिपाई साध्या कपड्यात शाळेकडे पाठवा. ग्रामसेवकाला गाठा, त्यांना म्हणावं बालविवाहाचा विषय आहे, लगेच शाळेत या. पलीकडून ड्यूटीवरचा हवालदार म्हणाला, “मॅडम, तुम्ही एकट्या? तुम्ही बसा, आम्ही येतोच की.”

 तोरवणेंचे तेच शब्द होते.

“एकटी नाही,” ती म्हणाली. “बरोबर मुलीची आई आहे.”

फोन ठेवल्यावर ती द्वारकाला म्हणाली, “तुम्ही जरा थांबा. मी साहेबांना सांगून येते.”

अंगणात आली तर अण्णा अजून गाडीतच होते. काचेआडून तिच्याकडे बघत होते.

तिनं बाहेरून दार उघडलं.

“उतरला नाहीत, साहेब?”

“उतरणार होतो. जमलं नाही.” त्यांनी दोन्ही हातांची दोन बोटं वर करून दाखवली. “एकदम म्हणे.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती स्वतःच्या गाडीवर मनापासून हसली. तिनं हात दिला. अण्णा कमरेला हात लावून खाली उतरले, उन्हात उभे राहिले.

तिनं थोडक्यात सांगितलं. नववीतली मुलगी. उद्याची हळद. शाळा. ग्रामसेवक.

ऐकताना अण्णांनी एकदाच खालच्या त्या मांडवाच्या वाशांकडे पाहिलं. ते कितीतरी दिवस त्यांच्या नजरेसमोर असणार.

“तिचा दीर तापट आहे,” ते म्हणाले.

“हो. ठाण्याचे लोक फाट्यावर थांबतील. मी एकदम घरी जाणार नाही. आधी मुलीला भेटते, मग ग्रामसेवकाबरोबर घरी.”

“बरं.”

“गाडी इथेच राहू दे.”

“राहू दे.”

“मुख्यालयात कळवते, उद्या नमुना येणार नाही म्हणून.”

“पसंत होती की त्यांना. फोटो बघून खूश होते म्हणालीस.”

“होते.”

“का येणार नाही विचारलं तर?”

“काच बदलायचीये म्हणून सांगेन. दाराचंही काम आहे.” ती क्षणभर थांबली. “चिडतील. म्हणतील, बाळंतिणीला काम दिलं की असंच होतं.”

“म्हणतील.”

यापुढे ते धीराचं काहीतरी बोलतील असं तिला वाटलं.  पायरीवरची तेलाची बाटली उचलून त्यांनी सावलीत ठेवली.

वळणावर द्वारका उठून उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर नीट करत होती. दूर शाळेच्या मधल्या सुट्टीची घंटा झाली.

शलाका निघाली. फाटकापर्यंत गेली.

आणि परत फिरली.

“साहेब...”

“हं.”

“माझी भीती गेलेली नाही.” तिनं मागे वळणाकडे पाहिलं.  “ही अशीच आहे. हिचं मी काय करू?”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या त्या कोऱ्या, पांढऱ्या, दार उघड्या राहिलेल्या गाडीकडे पाहिलं.

“तिला बसू दे गाडीत,” ते म्हणाले. “हवं तर एसी चालू ठेव.”